बिनबिल्ल्याचे कोट

त्या क्लबात कोट ठेवायला दिला तर बिल्ला मिळत नाही. क्लब सुरू झाला तेव्हापासून मिळत नाही. दारातून आत आलं की डाव्या हाताला काउंटर आहे. तिथं कोट काढून द्यायचा, छत्री द्यायची, टोपी द्यायची आणि खुशाल जिना चढून वर जायचं. खाली उतरलं की काउंटरपलीकडचा माणूस कोट पुढे धरतो. आपण पाठ फिरवायची, हात मागे करायचे, कोट चढवायचा आणि चालू पडायचं. कोट उलटून बघायचा नाही, खिसे चाचपायचे नाहीत. बघितलं तर तो काउंटरवरच्या माणसाचा अपमान, असा तिथला दंडक. मोठ्यांची हौसही मोठी असते, त्याला कोण काय करणार. पण ही हौस पेलायला काउंटरच्या आतल्या बाजूला कुणीतरी लागतं, आणि छत्तीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे खुंटेकाका होते.

खुंटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. नोकरीला लागले त्या पहिल्याच हिवाळ्यात कुणा सभासदानं पितळी खुंट्यांच्या रांगेपुढे उभा असलेला हा शिडशिडीत पोरगा पाहून थट्टेनं हाक मारली, ‘अहो खुंटे!’ आणि ती हाक अशी चिकटली की पुढे बायकोसुद्धा लाडात किंवा रागात आली की ‘काय खुंटेसाहेब’ म्हणू लागली.

इतके कोट एक माणूस ध्यानात कसे ठेवतो, याच्या क्लबात नाना कथा होत्या. कुणी म्हणे ते वासावरून ओळखतात, कुणी म्हणे शिवणीवरून. खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती खुंटेकाकांनी कुणाला सांगितली नव्हती. ते लोकांना नावं ठेवायचे. अगदी शब्दशः. चेहऱ्याकडे ते बघतच नसत. चेहऱ्याचं काय, दाढी वाढते, चष्मा बदलतो. ते बघायचे देणारा हात. कोट काढून देताना माणूस जसा असतो तसा दुसऱ्या कशातच नसतो, असं त्यांचं मत होतं. कुणी फेकतो, कुणी घडी घालतो, कुणी देतो पण बोटं सोडत नाही. त्या देण्यावरून ते मनातल्या मनात एक नाव ठेवायचे आणि कोट त्या नावाला टांगायचे. जज्जसाहेब, म्हणजे निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले ठेंगणे न्यायाधीश, काउंटरवर कोट धपकन आपटायचे; ते ‘निकाल’. त्यांचे पत्त्यांतले जोडीदार डॉक्टर कोट देताना त्यांची दोन बोटं हटकून खुंटेकाकांच्या मनगटाला लागायची, ते ‘नाडी’. आयुष्यभर लोकांना नावं ठेवायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, अशी नोकरी शोधून मिळणार नाही.

गेल्या दीडेक वर्षात मात्र काहीतरी बिनसलं होतं. दुकानात जाऊन काय आणायचं होतं ते न आठवणं, हे कुणाचंही होतं. पण एका संध्याकाळी ते स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि उजवीकडे वळायचं की डावीकडे हे काही केल्या समजेना. शेवटी शेजारचा न्हावी येताना दिसला, तेव्हा त्याच्याशी गप्पा मारण्याचं निमित्त करून त्याच्या मागोमाग ते घरी पोचले. धाबं दणाणलं होतं. बायकोला सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची एक समजूत घालून ठेवली: काउंटरवर माझा कोट चुकत नाही. रोज तीस-चाळीस घेतो, तीस-चाळीस देतो, एकानंही कधी ‘हा माझा नाही’ म्हटलेलं नाही. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. ज्या दिवशी काउंटरवर चुकेल त्या दिवशी मान्य करीन.

या एका आधारावर ते उभे होते. दुसरा नव्हता.

आणि त्याच सुमारास कमिटीला क्लब दाखवायची हुक्की आली. जुने सभासद एकेक करून वर जात होते, जिन्यानं नव्हे, कायमचे. नवे येत नव्हते. तेव्हा ठरलं की महिन्यातल्या एका शनिवारी तिकीट काढून येणाऱ्यांना वास्तू दाखवायची. एक चुणचुणीत गाईड मुलगी नेमली. ती वीस-पंचवीस जणांना घेऊन लायब्ररी, जेवणाचं दालन, माजी अध्यक्षांच्या तसबिरी, ज्या खोलीत आता कुणीच सिगारेट ओढत नाही ती सिगारेट ओढायची खोली, असं सगळं फिरवायची. तसबिरींत कुणाला रस? ते सगळे अध्यक्ष एकाच आईचे वाटत. लोकांना गंमत वाटायची ती खालच्या काउंटरची, आणि गाईडला हे बरोबर कळलं होतं.

पहिल्या दोन शनिवारी हवा उबदार होती. आठ-दहा माणसं, दोन-चार छत्र्या. निभावलं. तिसऱ्या शनिवारी कडाक्याची थंडी पडली आणि बसमधून सव्वीस जण उतरले, सगळे गळ्यापर्यंत गुंडाळलेले.

“इथं बिल्ला नाही, चिठ्ठी नाही,” गाईड काउंटरपुढे उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली. “आमचे खुंटेकाका फक्त लक्षात ठेवतात. छत्तीस वर्षांत एक कोट चुकलेला नाही. काका, खरं ना?”

“खरं,” खुंटेकाका म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

“सव्वीस आहोत हो आम्ही,” एक जाडगेले गृहस्थ म्हणाले. “आणि तुम्ही आम्हाला कधी पाहिलेलं नाही. पैज लावता?”

“अहो, काकांशी पैज लावू नका, उघड्यानं घरी जाल,” गाईड म्हणाली आणि सगळे हसले.

मग कोट येऊ लागले. जाडगेल्या गृहस्थांनी कोट पोटानं ढकलल्यासारखा पुढे सरकवला, त्यांचं नाव पडलं ‘ढकलगाडी’. एका तरुणानं चटका बसावा तसा टाकला, तो ‘गरम तवा’. एका बाईंनी बाह्या आत दुमडून चौकोनी घडी करून दिली, त्या ‘इस्त्री’. निवृत्त शिक्षिका वाटणाऱ्या एका वयस्कर बाईंनी करडा कोट अर्धा दिला, परत घेतला, खिशात हात घालून काही आहे ना बघितलं, पुन्हा दिला, त्या ‘उंबरठा’. सव्वीसच्या सव्वीस नावं झाली. मंडळी जिना चढून वर गेली.

पुढचा दीड तास खुंटेकाका स्टुलावर बसून उजळणी करत होते. पाढे म्हणावेत तसे. ढकलगाडी, गरम तवा, इस्त्री, सुटेना, उंबरठा, पोस्टमन... एकही नाव गळलं नाही. दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा उलटी म्हटली. त्यांचा जीव भांड्यात पडला. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास घेत, कोटांच्या ओळीवरून ब्रश फिरवत ते चक्क गुणगुणायला लागले.

मंडळी खाली उतरली आणि काउंटरपुढे रांग लागली.

पहिला लहानग्या मुलीचा लाल कोट, तो कुणीही दिला असता. दुसरा बरोबर. तिसऱ्याला एक तपकिरी रंगाचे गृहस्थ, म्हणजे तपकिरी स्वेटरातले, समोर येऊन उभे राहिले आणि खुंटेकाकांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. साहजिकच होतं, घ्यायला आलेले हात रिकामेच असणार. छत्तीस वर्षं रिकामेच असत, आणि तरी त्या हातामागचा देणारा हात त्यांना दिसायचा. आज दिसेना. सव्वीस नावं तोंडपाठ होती, कोट नावानिशी खुंट्यांवर होते, आणि समोरचा माणूस यातला कोण हेच कळत नव्हतं. नावं राहिली होती, माणसं गळाली होती.

त्यांनी अंदाजानं एक कोट काढला आणि पुढे धरला.

“हा माझा नाही,” गृहस्थ म्हणाले.

त्या दालनात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. खुंटेकाका कोट तसाच हवेत धरून उभे राहिले.

“काका गंमत करतायत!” गाईड हसत म्हणाली. लोकही हसले. खुंटेकाकांनी दुसरा दिला. “हाही नाही हो.” मग मागच्या बाईंना एक दिला, त्यांनी तो घेऊन अस्तर बघितलं आणि मान हलवली. घाई केली तर सापडेल असं वाटून खुंटेकाकांनी घाई केली. हे त्यांनी करायला नको होतं. आता एकेकाच्या हातात भलतेच कोट गेले, ‘अहो तो माझा, इकडे द्या’, ‘माझी टोपी कुठंय’, असा कालवा सुरू झाला. जाडगेले गृहस्थ कुणाच्यातरी कोटात अर्धे शिरून अडकले. ते चिडले नव्हते, हसत होते, आणि त्यांचं ते हसणं खुंटेकाकांना शिवीपेक्षा लागलं.

तेवढ्यात जिन्यावरून जज्जसाहेब आणि डॉक्टर उतरले. सभासद आले की पाहुण्यांनी बाजूला व्हायचं, हा तिथला रिवाज. गाईडनं सगळ्यांना मागे सारलं. खुंटेकाकांनी झरकन दोन काळे कोट काढले. एक जज्जसाहेबांपुढे धरला, त्यांनी पाठ फिरवून चढवला. दुसरा डॉक्टरांपुढे धरला, त्यांनी चढवला. “बरंय खुंटे,” दोघं म्हणाले आणि मोठ्या दारातून बाहेर पडले. ना ब्र, ना तक्रार.

खुंटेकाकांना एकदम धीर आला. कधी नव्हे ते पाहुण्यांपुढे त्यांचा आवाज चढला. “बघितलंत? सभासदांचा कधी चुकत नाही! तुम्ही ओळीनं उभे राहा जरा, ओळीनं.”

कुणी ओळीनं उभं राहिलं नाही. बस बाहेर थांबली होती. कुणीतरी काउंटरची फळी उचलली आणि म्हणालं, “काका, तुम्ही राहू द्या, आम्ही आमचे घेतो.” त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण त्या फळीच्या आत खुंटेकाकांशिवाय कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता दहा-बारा माणसं आत शिरून खुंट्यांवरून कोट ओढत होती. खुंटेकाका कोपऱ्यात सरकले. हातात ब्रश होता. कुणाला काय म्हणायचं, थांबा म्हणायचं की माफ करा म्हणायचं, हेसुद्धा सुचेना, म्हणून ते हातातला ब्रश रिकाम्या खुंटीवरून फिरवत राहिले.

खोली भराभर रिकामी झाली. शेवटी त्या शिक्षिकाबाई उरल्या आणि खुंटीवर एक करडा कोट उरला.

“हा माझा नाही,” त्या हळूच म्हणाल्या. जणू त्यांचीच चूक होती. “माझ्यासारखाच आहे, पण माझा नाही. माझ्या खिशात घराची किल्ली आहे हो. मी एकटी राहते.”

खुंटेकाकांच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी तो कोट खुंटीवरून उतरवला आणि थेट मोठ्या दारातून बाहेर धाव घेतली. कामावर असताना त्या दारातून ते कधी गेले नव्हते. पोर्चच्या पायऱ्या उतरून बसकडे जायचं, तर उजव्या हाताच्या खांबाआड, वाऱ्याला पाठ करून, जज्जसाहेब आणि डॉक्टर उभे होते. दोघंही कोटाशिवाय.

जज्जसाहेबांच्या हातात डॉक्टरांचा कोट होता आणि डॉक्टरांच्या हातात जज्जसाहेबांचा. शब्द न बोलता दोघांनी तो एकमेकांना दिला आणि चढवला. इतक्या सफाईनं, की रोजचा सराव असल्याशिवाय तसं जमत नाही. “आज आपलं थोडक्यात आटोपलं,” डॉक्टर बटणं लावत म्हणाले. “मंगळवारी चौघांत फिरले होते. मी तर अर्धा तास गारठलो.”

मग त्यांना खुंटेकाका दिसले.

थंडीनं तिघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. जज्जसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी बोलणी ऐकली होती, पण स्वतःला काही ती विद्या आली नव्हती.

“खुंटे! ते... जरा उकडत होतं,” ते म्हणाले.

“हो साहेब,” खुंटेकाका म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? तुम्ही माझी फसवणूक केलीत, म्हणायचं? का उपकार केलेत, म्हणायचं? हातातला करडा कोट छातीशी धरून ते पायऱ्या उतरले. बसपाशी पोचेतो तिकडून दुसऱ्या एक बाई शिक्षिकाबाईंचा कोट घेऊन परत येतच होत्या. खिशात परकी किल्ली लागली म्हणून त्यांच्याच लक्षात आलं होतं. मागोमाग शिक्षिकाबाईही येऊन पोचल्या. खुंटेकाकांच्या हातातला करडा कोट घेऊन दोघींनी अदलाबदल केली, एकमेकींचं कौतुक केलं आणि बसमध्ये चढल्या. जे काही निस्तरायचं होतं ते खुंटेकाकांशिवाय निस्तरलं. गाईड जाता जाता त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, “होतं काका एखाद्या वेळी.” एखाद्या वेळी! खुंटेकाकांना हसू आलं, आणि ते हसू त्यांना आवरेना, म्हणून ते खांबामागे जाऊन उभे राहिले.

घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. ते दारात टेकले आणि फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिले. चार महिन्यांपूर्वी तिनं प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: मीठ, साखर, चहा. ‘माझे डोळे अधू झालेत,’ म्हणाली होती. आता पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं की ती ठेंगणी, वरची फळी तिच्या डोक्याच्याही वर, आणि चिठ्ठ्या बरोबर त्यांच्या नजरेच्या रेषेत.

“अगं,” ते म्हणाले, “माझं अलीकडे काही चुकतं का?”

तिचे हात थांबले. पाठमोरीच राहून ती म्हणाली, “कुणाचं चुकत नाही? हातपाय धुऊन घ्या.”

“मी विचारतोय.”

“आणि मी सांगतेय, हातपाय धुऊन घ्या.” तिचा आवाज असा काही फुटला की त्यांना पुढे विचारवेना. ते मोरीत गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले. दीड वर्ष ज्या आधारावर दिवस काढले तो क्लबभर लोकांनी मिळून, पोर्चमध्ये थंडीत कुडकुडत, त्यांच्या पायांखाली धरून ठेवला होता. म्हाताऱ्या माणसांनी. त्यांतल्या दोघांना दमा होता. खुंटेकाकांना आधी लाज वाटली, मग राग आला, मग पुन्हा लाज वाटली, आणि शेवटी नुसतं रडू आलं.

ठरलं मात्र त्यांचं. सोमवारी सकाळी ते तडक सेक्रेटरींच्या खोलीत गेले. सेक्रेटरी वयानं त्यांच्या निम्मे, टेबलामागे कागदांत बुडालेले.

“साहेब, मला मोकळं करा,” खुंटेकाका म्हणाले. “माझ्यानं आता होत नाही.”

“अहो, बसा, बसा,” सेक्रेटरी उठलेच. “मला शनिवारचं सगळं कळलंय. तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका. चूक आमची. अनोळखी सव्वीस माणसं तुमच्या अंगावर घालायला नको होती. काल कमिटीची तातडीची बैठक झाली.”

“माझ्यासाठी?”

“काउंटरसाठी. पाहुण्यांना किल्लीची कपाटं करायची ठरलं, बाहेर, जिन्याखाली. त्यांचे कोट तुमच्याकडे येणारच नाहीत. सभासदांचं काउंटर जसं आहे तसं. एकमतानं ठराव झाला, जज्जसाहेबांनी स्वतः मांडला.” सेक्रेटरींचा चेहरा आनंदानं फुलला होता. “तुम्ही आहात तोवर ते काउंटर हलणार नाही, खुंटे.”

“पण साहेब, सभासदांचेसुद्धा...”

“सभासदांची एक तक्रार नाही,” सेक्रेटरी पटकन म्हणाले, आणि खुंटेकाकांची नजर चुकवून त्यांनी एक कागद सरळ केला. म्हणजे हेसुद्धा त्यात होते. “छत्तीस वर्षांत एक नाही. आणि हो, गाईड मंडळींना घेऊन काउंटरपाशी थांबेलच. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. ती सांगेल.”

ज्या माणसाला कुणी काढत नाही, ज्याची कुणी तक्रार करत नाही, ज्याच्यासाठी ठराव होतो, तो भांडणार तरी कुणाशी? ‘नाही, माझं डोकं चालत नाही, तुम्ही सगळे रोज माझ्यापायी गारठता’ हे वाक्य त्यांनी रात्रभर घोकून आणलं होतं. सेक्रेटरींच्या फुललेल्या तोंडापुढे ते त्यांच्या घशातच राहिलं. “चहा घेता?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांनी चहा घेतला.

मग एकच उरलं. स्वतः काउंटरवर बोलायचं. जो दंडक क्लबात सगळ्यांनी पाळला, तो आपण मोडायचा, म्हणजे संपेल सगळं.

दुपारी चारच्या सुमाराला पत्त्यांचा डाव उठला. जिन्यावर आधी जज्जसाहेबांचा आवाज आला, मग जज्जसाहेब. दालनात दुसरं कुणी नव्हतं. खुंटेकाकांनी दोन काळे कोट खुंटीवरून काढले. एकाच कापडाचे, एकाच शिंप्याचे, लांबीत चार बोटांचा फरक असेल नसेल. एकेकाळी ‘निकाल’ म्हटलं की हात आपोआप त्या कोटावर जायचा. आता ते मनात ‘निकाल’ म्हणत होते, पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि हात जागचा हलत नव्हता. त्यांनी दोन्ही कोट काउंटरवर ठेवले, शेजारी शेजारी.

“साहेब,” ते म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येईना. “यातला तुमचा कोणता? मला नाही कळत.”

जज्जसाहेब थबकले. कोटांकडे एक नजर टाकली असती तर पुरे होतं. स्वतःचा कोट कोण ओळखत नाही? पण त्यांनी खाली बघितलंच नाही. खुंटेकाकांच्या डोक्यावरून पलीकडच्या खुंट्यांकडे बघत ते म्हणाले,

“तुम्ही द्याल तो.”

“साहेब, मी खरंच सांगतोय. पाया पडतो, एवढं सांगा.”

“खुंटे,” जज्जसाहेबांचा आवाज आता आर्जवाचा होता, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, “तुम्ही द्याल तो. द्या लवकर.” आणि त्यांनी पाठ फिरवली, हात मागे केले आणि डोळे मिटून उभे राहिले.

खुंटेकाकांनी डावीकडचा कोट उचलला आणि धरला. जज्जसाहेबांनी तो चढवला. बाह्या खाली आल्या, मनगटं झाकली, तळवे झाकले. बाहेर राहिली ती फक्त बोटांची टोकं. त्या टोकांनी त्यांनी एकेक बटण लावलं, सावकाश, सगळी लावली.

“बरोबर,” ते म्हणाले आणि गेले.

मागून डॉक्टर उतरले. काउंटरवर एकच कोट राहिला होता, त्यामुळे विचारायचं काही उरलं नव्हतं. खुंटेकाकांनी तो धरला. डॉक्टरांनी आखूड बाह्यांत हात घातले, मनगटं उघडी राहिली. “येतो हं खुंटे,” ते म्हणाले, आणि जज्जसाहेब थंडीत फार वेळ उभे राहू नयेत म्हणून घाईघाईनं बाहेर निघाले.